उजव्या कानातले सिनेमे

शहागंजात घड्याळं दुरुस्त करणारा शकीलभाई भेटला नसता, तर मी सिनेमावर एक ओळही लिहिली नसती. संपादकांनी या दिवाळी अंकासाठी सांगितलं, की इतकी वर्षं परीक्षणं लिहिलीत, विज्ञानपटांबद्दल तुमची काही मतं असतील, ती लिहा. मतं आहेत. पण ती आली कुठून, हे गेल्या वर्षापर्यंत मलाच नीट ठाऊक नव्हतं. म्हणून आधी त्याचं नाव घेतलं.

मी बिडकीनजवळच्या एका वस्तीवरचा. आमच्याकडं मेंढरं. दादा, म्हणजे माझे वडील, पाऊसकाळ सरला की कळप घेऊन निघायचे, ते पुढच्या पावसाच्या तोंडाला परत यायचे. एरवी घरात माय आणि मी. बारावी होऊन मी कॉलेजसाठी औरंगाबादला, आताच्या संभाजीनगरला, यायला निघालो, तेव्हा मायनं हातात पोस्टाची कार्डं ठेवली. शाळेतल्या गुरुजींकडून तिनं कार्डांवर आमचा पत्ता लिहून घेतला होता. मागची बाजू कोरी.

"पोचलास की एक टाक," ती म्हणाली.

"माय, तुला वाचता येत नाय."

"वाचाया कशाला पायजे? पोस्टमन दारात आला म्हंजे तू पोचलास."

त्यानंतर दर सुट्टीनंतर शहरात आलो, की मी एक कार्ड पेटीत टाकायचो. सुरुवातीला मागं चार ओळी लिहायचो. मग लिहिणं सोडलं. कोरं कार्डही तेवढंच काम करायचं.

शहागंजात मी ज्या खोलीत राहायचो, ती शकीलभाईच्या वडिलांच्या दुकानामागं होती. खोलीत जायचं तर दुकानातूनच जावं लागे. शकीलभाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. डोळ्याला भिंग लावून काउंटरमागं बसलेला. मी आत जाताना मान वर न करता तो विचारायचा, "क्या मियाँ, आज कॉलेज में क्या सिखाया?" मी काहीतरी सांगायचो. तो म्हणायचा, "हौ. झूठ है, पर अच्छा है."

शहरातल्या एका थिएटरात रविवारी सकाळी इंग्रजी खेळ असायचा. मुंबई-पुण्यात खूप आधी येऊन गेलेली, रेघा पडलेली रिळं आमच्याकडं यायची. शकीलभाईला त्यातले यानाचे पिक्चर आवडायचे. कारण त्यानंच सांगितलं होतं, "यान में घड़ियाँ लई होती." एका रविवारी तो मला सोबत घेऊन गेला. मी सांगून टाकलं, की मला त्यातलं काही समजणार नाही. माझी इंग्रजी व्याकरणाची होती, कानाची नव्हती. वाक्यातलं क्रियापद ओळखायचो, पण अमेरिकन माणूस तोंडातल्या तोंडात काय बोलतो ते कळायचं नाही. त्यात थिएटरचे स्पीकर असे, की मराठी बातमीपटसुद्धा परका वाटावा.

"मैं बैठा हूँ ना," शकीलभाई म्हणाला. "अंग्रेजी तो अपने घर की है."

मी विश्वास ठेवला. न ठेवायला कारण नव्हतं. घड्याळाच्या तबकडीवरची बारीक इंग्रजी अक्षरं तो फडाफडा वाचायचा.

लहानपणी कान फुटल्यामुळं मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. म्हणून तो माझ्या उजवीकडं बसायचा आणि पडद्यावर कुणी तोंड उघडलं, की माझ्या कानाशी येऊन अर्थ सांगायचा. त्याची भाषा म्हणजे शहागंजाची खिचडी. "हे बोलतंय, हवा संपत आली." "ते बोलतंय, तू जा, मी थांबतो, माझं वय झालं." "बाई बोलतीय, लग्नात दिलेलं वचन इसर." पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. सुरुवातीला चिडायचे, नंतर त्यांच्यातलेच काही जण मुद्दाम आमच्या पुढची रांग पकडू लागले.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी, ऐन थंडीत, माय गेली. दादा कळपासोबत लांब होते. त्यांना शोधून आणलं, दिवसकार्य झालं, ते परत मेंढरांकडं गेले, मी शहरात आलो. घराला कुलूप लागलं. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो त्यानंतरचा एक रविवार आणि एक सिनेमा.

त्या सिनेमात एक माणूस एकटाच यानातून निघालेला असतो. सोबत फक्त यानातलं बोलणारं यंत्र. प्रवास इतका लांबचा, की त्याला वाटेत गारठवून झोपवून ठेवलेलं. तो एका अनोळखी ग्रहावर उतरतो, तोवर मागं पृथ्वीवर शतकं उलटलेली असतात. ओळखीचं कुणी जिवंत नाही. दार उघडण्याआधी तो काहीतरी बोलतो. यंत्र काहीतरी उत्तर देतं. दार उघडतं, पडदाभर पांढरा उजेड होतो आणि सिनेमा संपतो.

शकीलभाई कानाशी आला. "बोलतंय, पोचलो. पण कळवू कुणाला?"

मग यंत्र बोललं. शकीलभाई जरा थांबला आणि म्हणाला, "यंत्र बोलतंय, मला कळव. मी हाय ना."

दिवे लागले तरी मला उठता येईना. शकीलभाई समोरच्या रिकाम्या पडद्याकडं बघत बसून राहिला. बाहेर आल्यावर त्यानं दोन चहा सांगितले आणि एवढंच म्हणाला, "अच्छा था पिच्चर."

मी सिनेमावर लिहायला लागलो, त्याचं मूळ त्या सकाळीत आहे. इतक्या लांब, दुसऱ्या देशात बसलेल्या, मला न ओळखणाऱ्या माणसांनी माझ्या मनातलं बोलावं, ही काय कला आहे, असं मला वाटलं होतं.

मी पदवीधर झालो त्याच वर्षी शकीलभाई आखातात गेला. तिथल्या एका घड्याळाच्या दुकानात त्याला काम मिळालं होतं. बसस्टँडवर मी त्याला म्हणालो, "पोचलास की कळव." तो हसला. "काय कु? विमान पडलं तर पेपर में आयेगाच." बस निघाली. कार्ड आलं नाही. काही आठवड्यांनी त्याचा धाकटा भाऊ नसीर सहज बोलता बोलता म्हणाला, की भाई तिकडं मजेत आहे. पुढं मी खोली बदलली. तो आखातातून कॅनडाला लेकीकडं गेल्याचंही मला उडत उडतच कळलं.

मी एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागलो. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायचं काम. एका शुक्रवारी सिनेमाचं परीक्षण लिहिणारे गृहस्थ आजारी पडले. सिनेमा यानाचा होता, म्हणून दुसरं कुणी जायला तयार होईना. पुरवणीच्या संपादकांनी नजर फिरवली आणि म्हणाले, "तू जा. तुला लागतं काय, दीड पान तर लिहायचंय." तिथून निवृत्त होईपर्यंत मी शुक्रवारचा झालो.

हे काम बाहेरून वाटतं तसं नाही. लोक म्हणतात, काय मजा, फुकट सिनेमे. पण वाईट सिनेमाच्या मध्यंतरात सगळे उठून घरी जातात, तेव्हा थांबावं लागणारा एकमेव माणूस म्हणजे परीक्षक. मोठ्या शहरांत परीक्षकांना सिनेमा आधी दाखवतात. आमच्याकडं ती पद्धत नव्हती. पहिल्या खेळाला लोकांतच बसायचं. ते माझ्या पथ्यावर पडलं. पडद्यावर काय चाललंय ते एका डोळ्यानं बघायचं आणि लोक कुठं गप्प होतात, कुठं शेंगा सोलायला लागतात ते दुसऱ्या डोळ्यानं. अंधारात लिहायचं नाही, मान खाली गेली की नेमकं काहीतरी निसटतं. घरी येऊन जे आठवतं तेच लिहायचं. जे आठवत नाही ते बहुधा लिहिण्याजोगं नव्हतंच. आणि गोष्ट सांगून टाकायची नाही. वाचकाला दारापर्यंत नेऊन सोडायचं, आत ढकलायचं नाही.

माझी एक सवय होती. मी नेहमी उजवीकडची खुर्ची धरून ठेवायचो, तिच्यावर पिशवी ठेवून. गर्दी असली की लोक भांडायचे. "साहेब, पिशवीचं तिकीट काढलंय का?" काही वेळा मी खरंच काढलेलं असायचं.

आता मतं. विज्ञानपट म्हणजे लोकांना यंत्रं, स्फोट, चित्रविचित्र प्राणी आठवतात. मला तो परगावी गेलेल्या माणसाचा सिनेमा वाटतो. यानातल्या माणसाला कशाची आठवण येते, हे मी आधी बघतो. त्याला कशाचीच आठवण येत नसेल, तर यान म्हणजे नुसती एसटी, आणि तीही खिडकी नसलेली. ज्या यानातला नळ गळतो, ज्याच्या भिंतीवर कुणीतरी घरचा फोटो चिकटवलेला असतो, त्या यानावर माझा विश्वास बसतो. चकचकीत यानावर बसत नाही, कारण माणसं राहतात तिथं चकचकीत काही उरत नाही.

या सिनेमांतला भविष्यकाळ मला कधी पटला नाही, कारण त्यात कुणी गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या नसतात. म्हातारी माणसं नसतात, असलीच तर ती शास्त्रज्ञ असतात. मेंढरं तर नसतातच. परग्रहावरचे लोक एवढ्या लांबून येतात आणि नेमके इंग्रजी येणाऱ्या गावातच उतरतात. आणि काळात मागं जाणारे सिनेमे. किती पाहिले त्याला गणती नाही. कुणी राजाला वाचवायला मागं जातो, कुणी युद्ध थांबवायला. पण नुसता आपल्या आईच्या हातचं जेवायला मागं गेलेला आणि जेवून परत आलेला माणूस मी अजून कुठल्याच सिनेमात पाहिला नाही. असा सिनेमा कुणी काढला तर मी तिकीट काढून बघेन, आणि पिशवीचंही काढीन.

असं मी लिहायचो, त्यामुळं माझ्याकडं माणसंही तशीच यायची. एकदा करमाडहून भगवानराव म्हणून एक गृहस्थ कार्यालयात आले. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, सोबत ड्रायव्हर. शेंद्र्याकडची त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली होती. समोर बसून त्यांनी थेट सांगितलं, "साहेब, मला यानाचा पिक्चर काढायचाय. मराठी. तुम्ही ष्टोरी लिवा."

मी विचारलं, यानाचाच का?

"तुमीच लिवलं न्हवं, यान कधी आपल्याकडं उतरत नाय म्हणून? माझ्या रानात उतरवू. जागा मी दाखवतो. हिरीच्या वरल्या अंगाला, सपाट हाय."

मी त्यांना समजावलं, की यानाचा सिनेमा खर्चाचा असतो आणि चालेलच असं नाही.

"पडला तरी चालंल," ते शांतपणे म्हणाले. "तिथं आता भिंत हाय, साहेब. गेटवरला पोरगा मला आत सोडत नाय. पास मागतो. शूटिंग म्हणलं की सोडतील. एक दिस आत जाता आलं म्हंजे झालं. त्या हिरीजवळ माझी जांभळ होती, हाय का गेली तेवढं बघायचंय."

मी कथा लिहिली. खरंच लिहिली. परग्रहावरून एक म्हातारा येतो, भिंतीवरून आत उतरतो, जांभळाखाली बसतो आणि निघून जातो. भगवानरावांना ती फार आवडली. ड्रायव्हरला दोनदा वाचून दाखवायला लावली. पण कारखान्यानं चित्रीकरणाला परवानगी दिली नाही. अजूनही मला कुणी विचारलं की उत्तम मराठी विज्ञानपट कोणता, तर माझ्या डोळ्यांपुढं तोच येतो, जो निघालाच नाही.

दुसरे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे गोसावी सर. भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. माझं परीक्षण छापून आलं, की त्यांचा फोन ठरलेला. "अहो, अंतराळात हवा नसते. मग स्फोटाचा आवाज येतोच कसा? हे तुम्ही लिहायला हवं होतं." मी म्हणायचो, सर, आवाज नसता तर लोकांनी पैसे परत मागितले असते. ते म्हणायचे, "म्हणून काय ध्वनीचे नियम बदलायचे?" सरांनी मला कितीतरी चुकांपासून वाचवलं. नायक ज्या अंतरावरून सूर्याजवळून जातो त्या अंतरावर तो केव्हाच भाजला असता, हे मी जे ऐटीत लिहायचो ते सगळं सरांचं.

निवृत्तीच्या आधी मी सदराचा शेवटचा लेख लिहिला. आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत चांगल्या विज्ञानपटाविषयी. अर्थात तोच, शहागंजातल्या दिवसांतला. पोचलो, पण कळवू कुणाला, हे वाक्य मी तोवर अनेकदा उद्धृत केलं होतं. कॉलेजांत भाषणं दिली तिथं सांगितलं होतं. लोक निरोपसमारंभात ते म्हणायला लागले होते. आणि 'मी आहे ना' म्हणणारं ते यंत्र म्हणजे पडद्यावरचं सर्वांत माणुसकीचं पात्र आहे, असं माझं आवडतं विधान होतं. शेवटच्या लेखात तर मी असंही लिहिलं, की आजच्या विज्ञानपटांत तंत्र आलं, पण तसे संवाद गेले. जुने लोक यंत्राच्या तोंडूनही काळजातलं बोलायचे.

सकाळीच गोसावी सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा कडक नव्हता.

"तुमचा लेख वाचला. नातवाला म्हटलं, हा सिनेमा शोधून दे. त्यानं टीव्हीवर लावून दिला. खाली अक्षरं येत होती."

"मग, कसा वाटला सर?"

"चांगला आहे. पण ते वाक्य त्यात नाही."

मी म्हणालो, कापलेली प्रत असेल. सर म्हणाले, "असेलही. तुम्ही एकदा बघा."

मी बघितला. मुलाच्या फोनवर, दुपारी, खिडकीपाशी बसून. पहिल्यांदाच त्यातलं सगळं इंग्रजी मला समजत होतं. शेवट आला. तो माणूस दारापाशी उभा राहिला. चेहरा तोच, डोळे तेच. तो म्हणाला, बाहेरचा दाब ठीक आहे, दार उघड. यंत्र म्हणालं, दार उघडत आहे, मागे सरका. मग पांढरा उजेड.

मी ते पुन्हा लावलं. तो पुन्हा तेच म्हणाला.

पुरवणी आता मृणाल सांभाळते, माझ्या मुलाच्या वयाची आहे. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "सर, इतकी वर्षं तुम्ही ते लिहिताय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?" मग जरा मऊ होऊन, "दोन ओळींचा खुलासा टाकू या. कुणी वाचत नाही." मी म्हणालो, थांब जरा. वाक्य सिनेमात नव्हतं हे लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण ते आलं कुठून, हे मला कळायला हवं होतं.

शहागंजात गेलो. दुकान आहे. भिंतीवर घड्याळं कमी झालीत, मोबाईलची कव्हरं टांगलीत. काउंटरमागं नसीरभाई, दाढी पांढरी. त्यानं मला ओळखायला थोडा वेळ घेतला, मग स्टूल पुढं सरकवलं. "पेपरवाले. अब याद आया शहागंज?"

मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, शकीलभाईनं इंग्रजी ऐकण्यात चूक केली असेल का?

नसीरभाईनं हातातलं कव्हर खाली ठेवलं. मग त्याला हसू आवरेना. शेजारच्या दुकानदारानं डोकावून बघितलं.

"मियाँ, उसकू अंग्रेजी किदर आती थी? आती तो मॅट्रिक में दो बार काय कु बैठता? दोनों बार अंग्रेजी में गया."

"पण तो सगळं सांगायचा. शब्दन् शब्द."

"हौ. बनाता था. घर आ के मेरेकू बोलता, आज मैं लई अच्छा बनाया."

मी स्टुलावर बसून होतो. डोक्यात एकेक सिनेमा येत होता. एका चित्रपटात पृथ्वीवर हल्ला झालेला असताना सेनापती म्हणतो, 'आधी चहा सांगा, मग बोलू.' गोऱ्या लोकांचं हे आतिथ्य मला किती भावलं होतं. एकात शास्त्रज्ञाची बायको त्याला म्हणते, 'डबा खाल्ल्याशिवाय त्या यंत्रात बसू नका.' लग्नात दिलेलं वचन. सगळं शहागंजातलं. मी ज्यांच्या जोरावर नव्या दिग्दर्शकांना नावं ठेवली, ते सगळे संवाद एका घड्याळजीचे होते.

"आणि ते पोचलो वालं?" मी विचारलं. "तेही त्यानं बनवलं?"

नसीरभाईचं हसू थांबलं. "वो उसका नै है. वो तेरा है."

मला कळेना.

"तेरी माँ गुज़री, उसके बाद तू गाँव से आया. यहींच बैठा था, इसी जगह. हात में कार्ड था. भाई बोले, डाल दे ना डब्बे में. तू बोला, घराला कुलूप हाय. पोचलो, पण कळवू कुणाला? फिर तू रोया नै, कुछ नै, अंदर जा के सो गया. भाई कुछ बोल नै सके. दिनभर एक घड़ी खोल के बैठे, एक भी काम नै किये. वो बाद में पिच्चर में ले के गये तेरेकू."

दुकानातली घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत टिकटिकत होती, पूर्वी दाखवायची तशीच. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मला फक्त सिनेमा आठवतो. काउंटरमागून जे त्याला बोलता आलं नाही, ते त्यानं अंधारात, यंत्राच्या नावावर, माझ्या कानात सांगून टाकलं होतं.

नसीरभाईनं खिशातून फोन काढला. "लगाऊँ क्या भाई कू? कॅनडा में उठे होंगे अब. आँख से अब कम दिखता उनकू, भिंग ने खा ली आँख. पर बात करते."

मी नको म्हणालो. फोन लागला असता तर आम्ही दोघं हसलो असतो, तब्येतीचं विचारलं असतं, आणि झालं असतं. मी पत्ता मागितला.

"चिट्ठी लिखेगा? पढ़ नै सकते वो."

"चालेल," मी म्हणालो.

खुलासा मी दिला. मृणालनं तो जसाच्या तसा छापला: 'या सदरात वारंवार उद्धृत केलेलं वाक्य त्या चित्रपटात नाही. ते शहागंजात, एका घड्याळाच्या दुकानात बोललं गेलं होतं. वाचकांनी त्याप्रमाणे दुरुस्ती करून घ्यावी.' गोसावी सरांचा फोन आला. ते म्हणाले, "ही दुरुस्ती मी करणार नाही. माझ्या लेखी ते यंत्र तसंच बोललं." भौतिकशास्त्राच्या माणसानं असं म्हणावं, याचा मला फार आधार वाटला.

आता सगळे सिनेमे घरबसल्या मिळतात. जे शोधावं ते सापडतं, स्वच्छ, रेघा नसलेलं, खाली अक्षरांसकट. मी त्या काळातले सगळे एकेक करून पाहिले. चांगले आहेत. पण मी पाहिले होते ते हे नव्हेत. ज्यात सेनापती चहा सांगतो, ज्यात बाई डब्याची आठवण करून देते, ते सिनेमे कुठंच मिळत नाहीत. त्यांची एकच प्रत होती, एका माणसाच्या आवाजात, आणि ती माझ्या उजव्या कानापलीकडं, फार तर पुढच्या रांगेपलीकडं, कुठंही गेली नाही. मोठ्या पडद्यावर अजूनही यानाचा सिनेमा लागला की मी जातो. पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवतो. यान निघालं, की नकळत मान उजवीकडं कलते.

पोस्टात गेलो तेव्हा कळलं, साधं कार्ड परदेशी जात नाही. मग ते पाकिटात घातलं. कार्डावर मी जे लिहिलं, ते इथं देतो.

'शकीलभाई, सलाम.

हे तुला वाचता येणार नाही असं नसीरभाई म्हणाला. वाचायला नकोच आहे. हे दारात आलं की समज.

मी पोचलो. बीए झालो हे तुला माहीत आहे. त्यानंतर पेपरात लागलो, तिथंच निवृत्त झालो. दादा शेवटची वर्षं माझ्याकडं होते. मुलगा इंजिनियर आहे, त्याला इंग्रजी कानानंही येतं. सिनेमे पुष्कळ पाहिले. तुझ्याइतका चांगला सांगणारा एकही भेटला नाही.

कळवायला उशीर झाला. कुणाला कळवायचं हे तू तेव्हाच सांगितलं होतंस. मला वाटलं, यंत्र बोलतंय.

तुझं कार्ड अजून यायचं आहे. बसस्टँडवर तुला सांगितलं होतं. कोरं टाकलंस तरी चालेल.'